जुन्या मोटारीचे मोल

अपघातात चेपलेली अथवा पुराच्या पाण्यात उभी राहिलेली जुनी मोटार दुरुस्त करावी की येईल त्या किमतीला विकून मोकळे व्हावे, या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी व्यवहारी माणसांनी एक सुटसुटीत नियम ठरवून ठेवला आहे. गॅरेजवाल्याने दिलेला खर्चाचा अंदाज मोटारीच्या बाजारभावाच्या वर गेला, की ती विकावी. खाली राहिला, तर दुरुस्त करावी. हा नियम सर्वमान्य आहे आणि पुष्कळदा त्याने माणसाचे अहितही होत नाही. परंतु त्यात ज्या दोन रकमा शेजारी मांडल्या जातात त्या मुळात एका जातीच्या नाहीत, असे माझे मत आहे.

बाजारभाव म्हणजे अपरिचित माणूस त्या मोटारीसाठी जे देऊ करतो ते. आणि तो अपरिचित असल्यामुळेच, तिच्याविषयी जे जे त्याला ठाऊक नाही त्या सर्वांची किंमत तो आधीच कापून घेतो. मालकाची गोष्ट निराळी. क्लचप्लेट केव्हा बदलली, इंजिनाचे हेड कधी उघडले होते किंवा कसे, दोन सर्व्हिसिंगच्या दरम्यान ऑइल किती घटते, भरल्या गाडीने खंबाटकी चढताना टेंपरेचरचा काटा कुठवर जातो, असे जे दहा-बारा वर्षांच्या सहवासाने त्याला अवगत झालेले असते, त्याचा बाजारात छदामही मोबदला मिळत नाही. विक्री झाली की हे सारे ज्ञान वाया जाते. आणि आलेल्या पैशांत पदरची भर घालून जेव्हा तो दुसऱ्याची वापरलेली मोटार घेतो, तेव्हा त्या दुसऱ्याने न सांगितलेले सर्व काही त्याच्या वाट्याला येते. म्हणून दुरुस्तीच्या खर्चाशी ताडून पाहायची ती रक्कम, इतक्याच भरवशाचे दुसरे वाहन दारात उभे करण्यास जे काही लागेल त्याची: किंमत, हस्तांतराचा खर्च, विमा, आणि पहिल्या वर्षात उघडकीस येणारे त्याचे दोष, या सर्वांची बेरीज. यात एक मुदतीचा विचारही मिसळावा लागतो. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे ती तपासणीअंती पाच पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. तेव्हा तेराव्या वर्षी केलेला मोठा खर्च किती वर्षांवर विभागला जाणार, हे आधी मनाशी ठरवलेले बरे.

विमा कंपनी वेगळा हिशेब करते, आणि तिच्या जागी तो योग्यच आहे. विमापत्रात ठरलेल्या मूल्याच्या ७५ टक्क्यांवर दुरुस्तीचा खर्च गेला, की मोटार 'टोटल लॉस' समजली जाते. खर्च त्याच्या आत राहिला, तरी सर्वसाधारण विमापत्राखाली रबर, प्लॅस्टिक आणि बॅटरी यांच्या किमतीतून निम्मी रक्कम घसारा म्हणून वजा होते, आणि मोटार १० वर्षांहून जुनी असली तर पत्र्याच्या व लोखंडी भागांनाही हाच दर लागतो. काच तेवढी घसाऱ्यावाचून भरून मिळते. कंपनीच्या दफ्तरी लक्षावधी मोटारी आहेत आणि त्यांतली एकही तिच्या परिचयाची नाही, त्यामुळे तिला सरासरीवरच चालणे भाग आहे. ज्याच्याजवळ एकच मोटार आहे आणि जो तिला पुरता ओळखतो, त्याने सर्व्हेअरच्या कागदावरचा निर्णय हाच आपला निर्णय का मानावा?

मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी हा विचार शब्दांत न मांडता दीर्घकाळ आचरणात आणला होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट, जिला १९७४ मध्ये पद्मिनी हे नाव मिळाले, ती त्यांच्या हाती वर्षानुवर्षे चालली. तिचे १०८९ सीसीचे इंजिन उतरवून बोअर करता येई, कार्ब्युरेटर फुटपाथवर खोलून रॉकेलमध्ये धुता येई, गंजलेला पत्रा कापून नवा जोडता येई; आणि हे सर्व जाणणारा मिस्त्री हाकेच्या अंतरावर असे. टॅक्सीच्या वयाला २० वर्षांची मर्यादा पडली, आणि २००३ च्या ऑक्टोबरात नोंदलेली अखेरची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात सेवेतून गेली. आजची जुनी मोटार त्या घडणीची नाही. समोरून बसलेल्या धडकेत एअरबॅग फुटल्या, तर बंपर, बॉनेट आणि रेडिएटर यांच्या खर्चावर त्या एअरबॅगांचा आणि त्यांच्या कंट्रोल युनिटचा खर्च चढतो, आणि हे भाग मिस्त्रीच्या कौशल्याने सुधारत नाहीत, सबंध बदलावे लागतात. मालकाचा आणि मिस्त्रीचा अधिकार इतका संकुचित झाला आहे, याचे मला मनापासून दुःख होते.

तथापि मालकाचे ज्ञान हेच जर जुन्या मोटारीचे खरे मोल, तर ज्या हानीने ते ज्ञानच रद्द होते त्या हानीपुढे दुरुस्तीचा आग्रह धरता येत नाही. पाण्याची हानी या प्रकारची आहे. २६ जुलै २००५ च्या पावसात, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाणी पडले तेव्हा, मुंबईच्या असंख्य मोटारी बुडाल्या. पुरातून निघालेली अशी एक गाडी एका जाणत्या मिस्त्रीने तपासताना मी शेजारी उभा होतो. त्याने किल्ली फिरवू दिली नाही, कारण सिलिंडरात शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. त्याने प्रथम सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला; वेटोळ्यात दडलेल्या अखेरच्या वीतभर पट्टीवर गाळाची सरळ रेघ होती. मग पायाखालचे मॅट उचलून त्याखालचा नमदा बोटांनी दाबला, बोटे हुंगली, आणि फ्यूजबॉक्स उघडून पितळी टोकांवर चढलेला हिरवा थर दाखवला. "साहेब, आज चालू करून देतो," तो म्हणाला, "पण दिवाळीनंतर कुठे बंद पडेल ते मला विचारू नका." मालकाने बारा वर्षांत जे जाणले होते ते त्या एका रात्रीच्या पाण्याने निरर्थक ठरले होते, स्वतःच्याच मोटारीला तो आता परका झाला होता. चेसिस वाकली असेल तेव्हाही हेच म्हणावे लागते.

अशा मोटारीचा मोह सोडणे शहाणपणाचे, पण येथेच विक्रीचा नैतिक प्रश्न उभा राहतो, आणि त्याची चर्चा आपल्याकडे फारच थोडी होते. चेपलेल्या पत्र्यावर लांबी भरून, वर रंगाचा हात फिरवून, ज्या गाडीत स्वतःची मुले बसवण्यास माणूस धजत नाही ती तो दुसऱ्याच्या मुलांसाठी देऊन टाकतो आणि त्याला व्यवहारचातुर्य म्हणतो. माझ्या मते दुरुस्तीचा अंदाज, विम्याचे कागद आणि हानीची छायाचित्रे खरेदीदाराच्या हाती देणे हे विकणाऱ्याचे कर्तव्यच आहे. त्यामुळे किंमत उतरते, आणि ती उतरलीच पाहिजे, कारण तीच खरी किंमत होय. कायदाही विकणाऱ्याला सहजासहजी सुटू देत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० अन्वये हस्तांतराची वर्दी राज्यातल्या राज्यात १४ दिवसांच्या आत द्यावी लागते, आणि दफ्तरी जोवर आपले नाव आहे तोवर अपघाताच्या भरपाईचे दायित्व आपल्यावर येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला आहे. केवळ पैसे आणि किल्ली यांची अदलाबदल करून जे निश्चिंत होतात त्यांनी हे ध्यानात घ्यावे. ज्या मोटारीच्या सांगाड्यावरच भरवसा उरला नाही, ती कोणालाही न विकता अधिकृत स्क्रॅपिंग केंद्रात जमा करावी. तेथे मिळणारा दाखला नव्या वाहनाच्या करात सवलतीसाठी उपयोगी पडतो, आणि ती मोटार रंग लावून पुन्हा कोणाच्या दारात उभी राहत नाही.