वाटणी आणि दान

कोलार रोडवरील आमच्या परसात गवती चहाचे एक बेट आहे. शेजारच्या काकूंनी काढ्यासाठी त्यातील एक ठोंब लावावयास मागितला, तेव्हा 'पावसाळ्यात पाहू' म्हणून आम्ही दोन वर्षे टाळले. पुढे बेट दाटले आणि मध्यभागी वाळू लागले. या वनस्पतीस फुलोरा क्वचितच येतो. मुळांसकट ठोंब फोडून लावणे हाच तिच्या वृद्धीचा मार्ग. अखेर आषाढात आम्ही बेट खणले, पाती वीतभर ठेवून छाटली, भोपाळच्या काळ्या मातीत पाणी साचू नये म्हणून ठोंब उंचवट्यावर लावले आणि चार काकूंस दिले.

परंतु हे दान झाले काय? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२२ प्रमाणे दान मोबदल्यावाचून असावे लागते. आम्हांस तर बेटाचे आयुष्य परत मिळाले. न्यायालयातील वाटणीने प्रत्येकाचा हिस्सा लहान होतो. येथे मात्र राखून ठेवल्यानेच तो घटत होता. तेव्हा पुण्य ठोंब देण्यात नव्हते, मागणारीस न ताटकळविण्यात होते. आणि ते आमच्या हातून निसटले. येत्या आषाढात कोणी मागण्याची वाट पाहावयाची नाही, एवढेच आम्ही ठरविले आहे.