पेशीचा शेजार

डोळ्याच्या अगदी पुढचा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया. नेत्रदानाच्या संदर्भात आपण त्यालाच बुबुळ म्हणतो. त्याच्या पृष्ठभागावर पेशींचे पाच-सात थर असतात आणि सगळ्यांची मिळून जाडी मिलिमीटरच्या जेमतेम विसाव्या भागाइतकी. वरच्या पेशी सतत झडत असतात, पापण्यांच्या उघडझापीबरोबर अश्रूंत वाहून जातात आणि साधारण आठ-दहा दिवसांत सगळा थर नवा होतो. मग या नव्या पेशी येतात कुठून? या प्रश्नाची उत्तरे गेली सत्तरेक वर्षे बदलत आली आहेत. त्या बदलांतून आणखी एक प्रश्न वर आला आणि मला तो पहिल्यापेक्षा मोलाचा वाटतो. पेशी कॉर्नियाची ठरते ती स्वतःच्या गुणाने की ती जिथे बसली आहे त्या जागेमुळे?

गंमत अशी की सुरुवातीचे उत्तर जागेच्या बाजूचे होते. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर जे पातळ, रक्तवाहिन्यांनी भरलेले आवरण असते, त्याला नेत्रश्लेष्मला म्हणतात. कॉर्नियाचा पृष्ठभाग खरवडला गेला की तिच्या पेशी आत सरकतात आणि काही आठवड्यांत कॉर्नियासारख्या दिसू लागतात, असे निरीक्षण होते. १९५१ साली अमेरिकन नेत्रतज्ज्ञ जोनास फ्रीडेनवाल्ड यांनी या रूपांतराची मांडणी केली आणि पुढची तीन दशके ती बऱ्यापैकी टिकली. १९९० च्या सुमाराला तिचा पाया ढासळला. सशांवरच्या त्या प्रयोगांत कॉर्नियाच्या काठावरच्या काही पेशी खरवडायच्या राहून गेल्या होत्या आणि नवा कॉर्निया त्यांनीच उभा केला होता. काठ पूर्ण काढून टाकला की नेत्रश्लेष्मला आत येई खरी, पण नेत्रश्लेष्मलाच राही.

तोवर सगळ्यांचे लक्ष त्या काठाकडे वळले होते. कॉर्निया आणि पांढरा भाग यांच्या सीमेवरच्या या कड्याला लिंबस म्हणतात. १९७१ मध्ये नॉर्वेच्या डाव्हांगर आणि एव्हेन्सेन यांनी 'नेचर'मध्ये लिहिले की कॉर्नियाच्या पेशी या काठावरून मध्याकडे सरकत येत असाव्यात. १९८६ मध्ये न्यूयॉर्कमधल्या तुंग-त्येन सन यांच्या गटाने केराटिन या प्रथिनाचा माग काढला. कॉर्नियाची खूण असलेले एक केराटिन मध्यभागी तळापासून वरपर्यंत सापडते, लिंबसच्या तळच्या पेशींत मात्र नसते. म्हणजे या पेशी अजून कच्च्या आहेत, मूलपेशी आहेत. तीनच वर्षांनी केन्यन आणि त्सेंग यांनी चांगल्या डोळ्याचा लिंबस भाजलेल्या डोळ्यावर लावून दाखवला.

साध्या नेत्ररोपणातली एक जुनी अडचण त्यामुळे उलगडली. दात्याच्या कॉर्नियाची मधली चकती बसवली जाते. तीत काठ नसतो, त्यामुळे रुग्णाचा स्वतःचा काठ जळलेला असेल तर चकतीवरच्या पेशी झडून गेल्यावर नव्या येतच नाहीत. नेत्रश्लेष्मला रक्तवाहिन्या घेऊन आत शिरते आणि बसवलेला कॉर्निया पुन्हा धुरकट होतो.

इथून पेशींचे युग सुरू झाले. इटलीत ग्राझिएल्ला पेलेग्रिनी आणि मिकेले दे लुका यांनी १९९७ मध्ये लिंबसच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून दोन रुग्णांना लावल्या. त्याच कामातून पुढे आलेल्या होलोक्लार या उपचाराला २०१५ मध्ये युरोपीय संघाने मान्यता दिली. मधल्या काळात, २०१० साली, त्यांच्या गटाने ११२ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. सुमारे तीन चतुर्थांश डोळ्यांत पारदर्शक पृष्ठभाग टिकला होता. वाढवलेल्या पेशींत अस्सल मूलपेशींचे प्रमाण तीन टक्क्यांहून अधिक असेल तर यश ७८ टक्के, कमी असेल तर अवघे ११ टक्के. पेशीच्या बाजूने याहून भक्कम पुरावा शोधून सापडणार नाही, आणि 'जागाच सगळे ठरवते' असे म्हणणाऱ्याने या आकड्यांपाशी थोडे थांबावे.

जागेचा विचार मात्र पूर्ण मेलेला नव्हता. तो परतला तो रक्ताच्या अभ्यासातून. १९७८ मध्ये मँचेस्टरचे रे स्कोफिल्ड यांनी मांडले की अस्थिमज्जेतली मूलपेशी मूलपेशी राहते, कारण तिच्या शेजारच्या पेशी तिला तशी राखतात. त्या कोनाड्यातून बाहेर पडली की ती वयात येते. डोळ्याच्या अभ्यासकांनी हे बोलणे मनावर घ्यायला वेळ लावला. खरे तर लिंबसमधले कोनाडे आल्फ्रेड फोग्ट यांनी १९२१ मध्येच वर्णिले होते. काठावर कुंपणासारखे उभे कंगोरे, त्यांच्यामध्ये दडलेल्या पेशी, खाली रक्तवाहिन्या, शेजारी रंगपेशी. आत पाऊल टाकले की कॉर्नियात रक्तवाहिनी औषधालाही नाही. दोन ठिकाणांमधले अंतर मिलिमीटरभरही नसेल, पण खालची जमीन पार वेगळी.

ही जमीन काय करू शकते हे सर्वांत ठळकपणे दाखवले ते फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या दानिएल द्युएली यांच्या प्रयोगशाळेने, २००० साली. त्यांनी प्रौढ सशाच्या कॉर्नियाच्या मध्यावरचा वरचा थर घेतला. या काठावरच्या कच्च्या पेशी नव्हत्या, ज्यांचे भवितव्य ठरून गेले आहे अशा मानल्या गेलेल्या पेशी होत्या. तो थर उंदराच्या गर्भाच्या त्वचेतल्या आतल्या थरावर ठेवला, आणि कॉर्नियाच्या पेशींना केस आले. खालचा थर पाठीचा असेल तर केस आणि तेलग्रंथी, तळपायाचा असेल तर घामाच्या ग्रंथी. २००५ मध्ये याच गटाने क्रमही उलगडला. डोळ्याची ओळख राखणारे पॅक्स६ हे जनुक आधी मंदावते, पेशी मागे फिरून कच्च्या होतात, आणि मग त्वचेची वाट धरतात.

आपल्याकडे म्हणतात, ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला. इथे तर वाणही लागला. पण गर्भाच्या त्वचेचा संदेश अतिशय जोरकस असतो. प्रौढ शेजार इतका हुकमी नसतो, आणि नेत्रश्लेष्मला कॉर्नियावर येऊन कॉर्निया होत नाही ही गोष्ट काही खोटी ठरत नाही. फ्रीडेनवाल्ड यांचा तपशील चुकला होता. पण पृष्ठभागाखालच्या जमिनीला महत्त्व देण्याची त्यांची ओढ चुकीची नव्हती, असे आता म्हणायला हरकत नाही.

गेल्या दशकात तर रासायनिक संदेशांच्या जोडीला निव्वळ मऊपणाही हिशेबात आला. लिंबस कॉर्नियाच्या मध्यापेक्षा मऊ असतो. २०१९ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी कॉर्नियाचा कडक भाग एका विकराने मऊ केला, तेव्हा त्यावरच्या पेशी मूलपेशींसारख्या वागू लागल्या. २०१८ मध्ये इस्राएलच्या टेक्निऑनमधल्या गटाने उंदरांच्या लिंबसवरचा पेशींचा थर काढून टाकला. मधल्या, आधीच पक्क्या झालेल्या पेशी काठाकडे सरकल्या आणि पुन्हा मूलपेशी बनल्या. खालची जमीनही उद्ध्वस्त केली तेव्हा मात्र हे जमले नाही.

हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत विरेंदर सांगवान आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये जाहीर केलेली पद्धत मला या प्रकाशात वेगळी दिसते. चांगल्या डोळ्याच्या लिंबसमधून दोन मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, त्याचे आठ-दहा कण करायचे, आणि बाळाभोवतीच्या गर्भवेष्टनाचा पातळ पापुद्रा कॉर्नियावर पसरून त्यावर ते चिकटवायचे. प्रयोगशाळा नको की लाखोंचा खर्च नको. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२५ रुग्णांच्या अहवालात यश ७६ टक्के होते, म्हणजे पेशी वाढवून लावणाऱ्या महागड्या पद्धतीच्या तोडीस तोड. स्वस्तपणाचे कौतुक खूप झाले. माझ्या मते त्या कणांबरोबर त्यांच्या मूळ जमिनीचाही अंश जातो, हेही त्यात असावे. याउलट जिथे डोळा कोरडा ठणठणीत आहे आणि दाह विझलेला नाही, तिथे उत्तम पेशीही तग धरत नाहीत. बातम्या मूलपेशींच्या होतात, पण पापण्या दुरुस्त करणे, ओल टिकवणे, दाह शमवणे ही आधीची कंटाळवाणी कामे तितकीच निर्णायक असतात.

भारतात हा काठ जळण्याचे, विशेषतः लहान मुलांत, एक मोठे कारण म्हणजे तंबाखू-पानाबरोबर मिळणारी चुन्याची पुडी. मुले ती दाबतात आणि ती फुटून चुना डोळ्यात उडतो. आम्लापेक्षा चुन्यासारखा अल्कली अधिक घातक, कारण तो वरच्या पेशींवर न थांबता खालच्या जमिनीत मुरतो. म्हणून पुडी मुलांच्या हाताला लागू देऊ नका. चुना उडालाच तर दवाखान्याची वाट न पाहता तिथल्या तिथे डोळा उघडा धरून, वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान पंधरा-वीस मिनिटे धुवा, दुसरे काहीही डोळ्यात घालू नका, आणि मग लगेच नेत्रतज्ज्ञाकडे न्या. पापणीखाली अडकलेले कण तिथेच निघतात.