नियम, भाष्य आणि नियम न पाळणारा वाचक

भाष्य कोणासाठी लिहिले जाते, हा प्रश्न आपल्या समीक्षेने फारसा विचारलेला नाही. काव्यावरील टीका रसिकाला उद्देशून असते. आचारनियमावरील भाष्य मात्र तो नियम पाळू पाहणाऱ्यासाठी असते. नियम पाळण्याचा ज्याचा मानस नाही असा अभ्यासक ते भाष्य वाचतो, तेव्हा त्याच्यावर काही नैतिक दायित्व येते काय, एवढाच येथे विचार करावयाचा आहे.

संत बेनेडिक्टने ६व्या शतकात मठवासीयांसाठी सिद्ध केलेल्या लॅटिन नियमावलीत ७३ प्रकरणे आहेत. ४०वे प्रकरण पेयाच्या प्रमाणासंबंधी आहे. दुसऱ्याच्या गरजेचे माप आपण ठरवावे याविषयी संकोच व्यक्त करून बेनेडिक्ट दररोज एक ‘हेमिना’ द्राक्षमद्य पुरेसे मानतो. ९व्या शतकात स्मॅराग्डस आणि हिल्डेमार यांनी या नियमावलीवर भाष्ये केली; हिल्डेमारचे भाष्य तर अध्यापनातून घडलेले आहे. आज त्यांची हस्तलिखिते वाचणारा इतिहासकार हेमिना म्हणजे नेमके किती, हे शोधतो. भिक्षूलाही माप हवेच असते, पण त्याच्यापुढचा खरा प्रश्न निराळा असतो: आपल्या आसक्तीला किती सवलत द्यावी?

आपल्याकडे याला समांतर असे उदाहरण महानुभाव पंथात आढळते. चक्रधरांची वचने केसोबासांनी ‘सूत्रपाठा’त संकलित केली. त्यातील आचारप्रकरणावर पुढे स्थळ, बंद, महाभाष्य अशी टीकापरंपरा निर्माण झाली. पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत जपले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला आणि हे वाङ्मय पंथाबाहेरच्या वाचकासाठी खुले झाले. आमच्या कळंबपासून जवळच, यवतमाळ येथे, य. खु. देशपांडे यांनी या वाङ्मयाच्या अभ्यासाला वाहून घेतले. त्यांचे ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ १९२५ साली प्रसिद्ध झाले. हे ऋण मान्य करूनच पुढील शंका मांडतो.

कानडी आणि तेलंगी मुलखात जाऊ नये, महाराष्ट्रात राहावे, अशा आशयाचा एक आचारनियम सूत्रपाठात आहे. महाराष्ट्र म्हणजे कोणता प्रदेश, असा प्रश्न भाष्यकाराला साहजिकच पडतो आणि मराठी भाषेच्या व्याप्तीच्या आधारे तो त्याचे उत्तर देतो. हे उत्तर प्रादेशिक अस्मितेचा प्राचीन पुरावा म्हणून आपण वारंवार उद्धृत केले. नियमाचे कारण मात्र आपण मागेच ठेवले. ते कारण असे, की त्या मुलखांत विषयसुखे विपुल आहेत आणि विरक्तांना तेथे मान मिळतो. ज्याला मान टाळावयाचा होता त्याला सांगितलेला नियम आपण मान मिरविण्याच्या कामी लावला.

यावर आक्षेप घेता येईल, की भाष्यकारांनी महाराष्ट्राची स्तुतीही केलेली आहे. ती केली आहे हे खरेच. परंतु ती भूमी धर्माचरणाला अनुकूल आहे म्हणून. तेथे जन्मल्याने कोणी थोर ठरतो, असे त्यातून निष्पन्न होत नाही. स्तुती साधनेच्या अटीसह आलेली आहे. अट वगळून स्तुती तेवढी उचलणे, हा अन्वयार्थातील दोष तर आहेच. माझ्या मते तो नैतिक दोषही आहे. साधकाने ज्याची किंमत आयुष्यभर भिक्षा मागून चुकविली, ते आपण विनामूल्य वापरतो.

संहितेतून भाषेचा, भूगोलाचा वा मापांचा पुरावा काढू नये, असे मी म्हणत नाही. संशोधन त्याखेरीज होणार नाही. अभ्यासकाने दीक्षा घ्यावी, अशीही अपेक्षा नाही. परंतु भाष्यकाराचे उत्तर उद्धृत करताना ते ज्या प्रश्नाचे उत्तर होते तो प्रश्नही सोबत सांगणे, एवढे बंधन नियम न पाळणाऱ्या वाचकाने स्वतःवर घालून घेतलेच पाहिजे. हा एक नियम तरी आपल्याला पाळता येण्यासारखा आहे.