दुसरा हप्ता कोणाच्या हाती?

१ जुलै २०२५ रोजी ‘यूएसएड’ ही अमेरिकेची परदेशी मदत देणारी संस्था स्वतंत्र संस्था म्हणून संपली. इतकी दशके इतका पैसा ओतूनही दाखवण्यासारखे फारसे काही हाती लागले नाही, असे ती बंद करणाऱ्यांनी सांगितले. आपल्याकडे यावर हळहळणारे थोडेच निघाले. ‘मदतीने कोणाचे भले झाले आहे?’ हा प्रश्न चावडीपासून चर्चासत्रांपर्यंत सगळीकडे उत्तरासारखाच विचारला जातो.

आता लातूर, नांदेडकडच्या एखाद्या कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या (सीएसआर) कार्यक्रमाला जाऊन बसा. तिथे नेमके उलटे चित्र दिसते. पडद्यावर आकडे सरकत असतात: इतके लाभार्थी, इतके घनमीटर गाळ, खर्चाच्या प्रत्येक रुपयामागे इतका सामाजिक परतावा. शेवटच्या छायाचित्रात हातात फावडी घेतलेले गावकरी उभे असतात आणि खाली ‘लोकसहभाग’ असे लिहिलेले असते. अमेरिकेतला मंत्री म्हणतो मदत निष्फळ, इथला व्यवस्थापक म्हणतो मदत सफळ. पण दोघांनी एक गोष्ट न बोलता मान्य केलेली असते. मदतीचा गुण पैशात असतो आणि तो देणाऱ्याने मोजायचा असतो.

मला हे गृहीतकच चुकीचे वाटते. पहिला हप्ता मिळाल्यानंतर घेणाऱ्याला आपला निर्णय बदलता येतो का, यावर मदतीचा परिणाम ठरतो. ही गोष्ट जगाला मदतीच्या परिणामकारकतेवरच्या २००५च्या पॅरिस परिषदेच्या कितीतरी आधी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत दिसली होती. दिसली, पण वाचली गेली ती चुकीची.

मागचा इतिहास भराभर सांगतो. महायुद्धानंतर अमेरिकेच्या मार्शल योजनेने युरोप उभा राहिला आणि हीच युक्ती सगळीकडे चालेल असे वाटू लागले. १९४९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी मागास देशांना तंत्रज्ञान देण्याची घोषणा केली. १९६९ मध्ये पीअर्सन आयोगाने श्रीमंत देशांच्या उत्पन्नाच्या ०.७ टक्क्याचे लक्ष्य ठेवले, आणि बहुतेकांनी ते कधीच गाठले नाही. मग अटी आल्या, रचनात्मक समायोजन आले, प्रकल्पांचे अहवाल जाड होत गेले. या शतकाच्या सुरुवातीला अर्थतज्ज्ञांत वाद झाला. सॅक्स म्हणाले, आणखी द्या. ईस्टर्ली म्हणाले, वरून आखलेल्या योजना फसतात. डंबिसा मोयो म्हणाल्या, देणेच थांबवा. बॅनर्जी-डफ्लो यांनी वाद बाजूला ठेवून छोटे प्रयोग केले आणि २०१९ मध्ये नोबेल मिळवले. कोणता उपाय चालतो हे त्या प्रयोगांतून कळते. उपाय कोणी निवडायचा, हा प्रश्न तिथेही बहुधा प्रयोगाबाहेरच राहतो.

आपल्याकडची वाट थोडी वेगळी होती. १९७२च्या दुष्काळाच्या आठवणी काढणारी पिढी आजही तांबड्या मिलो ज्वारीची आणि कामावर मिळणाऱ्या सुकडीची गोष्ट सांगते. १९७३च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. त्या अनुभवातून वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना पक्की झाली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय कराचा तिला आधार मिळाला आणि ‘मागेल त्याला काम’ हा हक्क कागदावर आला. योजनेत पुढे त्रुटीही आल्या. तरी एक पाऊल पडले होते. मदत मागणारा माणूस पहिल्यांदा अर्जदार न राहता दावेदार झाला होता.

इथून थेट लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीला यावे लागते.

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे नुकती कुठे झोपली होती, तोच भूकंप झाला. सरकारी नोंदीप्रमाणे जवळजवळ आठ हजार माणसे गेली. भूकंपशास्त्राच्या नकाशावर हा भाग तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. माणसे मेली ती मुख्यतः घरांमुळे. मातीत रचलेल्या रुंद दगडी भिंती आणि त्यांवर माळवदाचे, म्हणजे मातीच्या छताचे, ओझे. उन्हाळ्यात गारवा देणारे घरच अंगावर आले. तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार, लातूरचे जिल्हाधिकारी प्रवीण परदेशी, अनाथ झालेल्या मुलांना पुण्याला नेणारे शांतिलाल मुथ्था ही नावे आणि त्या दिवसांतली धावपळ मी पुन्हा सांगत नाही.

१९९४ मध्ये जागतिक बँकेचे सुमारे २४.६ कोटी डॉलरचे सवलतीचे कर्ज मंजूर झाले. त्यातून जे पुनर्वसन झाले त्याचे दोन मोठे भाग होते. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवायची, हा पहिला. तडे गेलेली, अर्धवट पडलेली जवळपास दोन लाख घरे आहेत तिथेच दुरुस्त आणि मजबूत करायची, हा दुसरा. ही घरे तेरा जिल्ह्यांत विखुरलेली होती.

किल्लारीवर बोलणारे जवळजवळ सगळे पहिल्या भागाविषयी बोलतात. कौतुक करणारे सरळ रेषेतल्या गल्ल्या, स्लॅबची घरे, शाळा, समाजमंदिरे दाखवतात. टीका करणारेही त्याच गावांकडे बोट दाखवतात. गावठाण कित्येक पटींनी पसरले, त्यासाठी पिकाची जमीन गेली, जनावरांना जागा उरली नाही, शेजार तुटला. घराचा आकार जमिनीवरून ठरला: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यावर ७५०. जुन्या गावातली उतरंड नव्या गावात सिमेंटमध्ये पक्की झाली. ही टीका मला बरीचशी पटते. तिचा शेवट मात्र ठरलेला असतो: ‘लोकांना विचारले नाही, म्हणून असे झाले.’

गोष्ट इथेच चुकीची वाचली जाते. लोकांना विचारले होते. अनेक ठिकाणी तर गावकऱ्यांनीच गाव हलवण्याचा आग्रह धरला होता. धक्के थांबत नव्हते, जमिनीखालून गूढ आवाज येत होते, दगडाच्या भिंतीकडे पाठ करून झोपायची कोणाची छाती नव्हती. त्या दिवसांत कोणालाही विचारा, तो दगड नको, स्लॅब पाहिजे, इथून दूर पाहिजे असेच म्हणाला असता. यादीत नसलेल्या गावांनीही स्थलांतर मागितले. मग ५२ गावांची चूक न विचारण्यात नव्हती. लोकांना एकदाच विचारले गेले, तेही भीती सर्वांत ताजी असताना, आणि त्या एका उत्तरावर पुढची पन्नास वर्षे ओतली गेली. वर्षभराने भीती ओसरली, जनावरे दारात बांधायची वेळ आली, सासू-सुनांच्या चुली वेगळ्या झाल्या, तोवर नकाशा, कंत्राट आणि पाया सगळे ठरून गेले होते. मत एकदा घेतले की ती सही होते. पुन्हा पुन्हा घेतले तरच त्याचा निर्णय होतो.

दुसऱ्या भागाची छायाचित्रे निघाली नाहीत. दोन लाख घरे, प्रत्येकाची दुरुस्ती वेगळी, फीत कापायला कोपराही नाही. पण मदतीचा विचार तिथे वळला. घर मालकानेच दुरुस्त करायचे होते. पैसे त्याला हप्त्यांनी मिळत, एक टप्पा झाला की पुढचा. अभियंता नियम सांगे: भिंतीच्या दोन्ही तोंडांना बांधून ठेवणारे लांब दगड घाला, वर काँक्रीटचा पट्टा फिरवा, माळवदावरची माती कमी करा. गवंडी कोणता, साहित्य कुठले, कोणती भिंत आधी, हे घरातली माणसे ठरवत. पहिल्या हप्त्यात फसगत झाली तर दुसऱ्या हप्त्याआधी गवंडी बदलता येई.

एवढ्यावर भागले नसते. रक्कम किती, टप्पे कोणते, आपले नाव यादीत आहे का, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हातचा अधिकार सरपंच किंवा गावातला वजनदार माणूस सहज काढून घेतो. हे काम प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने अंगावर घेतले. हजाराहून अधिक गावांत महिला मंडळांतून संवाद सहायक निवडल्या गेल्या. त्यांनी नियम समजून घेतले, घरोघर सांगितले, बांधकाम चालू असताना भिंती पाहिल्या आणि अभियंत्याशी बोलायला गावाला तोंड मिळवून दिले. कालपर्यंत चावडीच्या पायरीवर न चढणारी बाई सरकारी माणसाला ‘हा पट्टा पूर्ण फिरलेला नाही’ असे सांगू लागली. या बायका सल्लागार नव्हत्या, मतदारही नव्हत्या. काम चालू असताना ते अडवू शकणारी ती पहिली माणसे होती.

‘सहभागा’च्या गौरवगाथांमध्ये एक तपशील गाळला जातो. अनेक घरमालकांनी जुन्या भिंती मजबूत करण्याऐवजी त्याच पैशांत नव्या पद्धतीची एक खोली बांधली आणि जुने घर तसेच ठेवले. कार्यक्रमाच्या हिशेबात हा उद्देशापासून ढळणारा खर्च ठरतो. सुरक्षेच्या दृष्टीने प्रश्न खराच आहे, कारण जुनी भिंत उभीच राहिली. पण त्या कुटुंबाच्या जागी बसून पाहा. ज्या दगडावर विश्वासच उरला नाही त्यात पैसे घालण्यापेक्षा सगळ्यांना रात्री निजता येईल अशी एक खोली बांधणे हा अडाणीपणा नाही. त्यांनी धोका ओळखला, हाती असलेल्या रकमेत काय बसते ते पाहिले आणि निवड केली. देणाऱ्याला न आवडणारी निवड जिथे होऊ शकते, तिथेच निवडीचा अधिकार खरा असतो. फक्त मंजूर पर्यायांतून निवडू देणाऱ्याने अधिकार दिलेलाच नसतो.

पुढचे सर्वांसमोर आहे. २००१च्या भूकंपानंतर गुजरातने बहुतेक घरे मालकांच्या हाती सोपवली, आणि लातूर-उस्मानाबादच्या बायका तिथल्या बायकांना अनुभव सांगायला कच्छमध्ये गेल्या. २००५च्या भूकंपानंतर पाकिस्ताननेही पैसे थेट घरमालकांना देण्याचा मार्ग धरला. त्याच वर्षी पॅरिसला श्रीमंत आणि गरीब देशांनी मिळून मदतीच्या परिणामकारकतेचा जाहीरनामा काढला. त्याचे पहिले तत्त्व स्वामित्वाचे होते: योजना घेणाऱ्या देशाची असावी. देशाची, म्हणजे सरकारची. किल्लारीत स्वामित्व घराच्या उंबऱ्यापर्यंत पोचले होते. पॅरिसमध्ये ते मंत्रालयाच्या दारात थांबले आणि तिथून मागे सरकत आज पडद्यावरच्या आकड्यांपर्यंत आले.

असाच एक आकडा पाहा: २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या फेरीत ५ लाख लिटर पाणी होते. तहानलेल्या शहराला ते हवेच होते, त्याबद्दल वाद नाही. मोजायला यापेक्षा सोपी मदत क्वचितच असेल. पण मांजरा धरण कोरडे का पडले, त्याच्या पाण्यावर उसाचा किती हक्क आणि नळाचा किती, या प्रश्नांना त्या लिटरांचा स्पर्शही झाला नाही. आकडा पूर्ण खरा असतो आणि निर्णय जिथल्या तिथे राहतो.

सीएसआरचा कायदा आता याच वळणावर उभा आहे. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्च करायचे असतात. २०२१ पासून, ज्यांची ही जबाबदारी सरासरी १० कोटी किंवा त्याहून अधिक आहे त्यांनी १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचे स्वतंत्र संस्थेकडून परिणाम-मूल्यमापन करून घ्यायचे आहे. पण प्रकल्प संपून किमान वर्ष झाल्यावर, आणि अहवाल जातो संचालक मंडळापुढे. ज्यांच्या शिवारात काम झाले त्यांच्या हाती काहीच येत नाही. आले तरी त्याचा उपयोग काय? नाला खोदून झालेला असतो, यंत्र परत गेलेले असते.

लोकांना एवढा अधिकार दिला तर पैसा पाटलाच्या नाही तर ठेकेदाराच्या खिशात जाईल, हा आक्षेप मला मान्य आहे. तो गेल्याची उदाहरणे आपल्या प्रत्येक तालुक्यात सापडतील. पण त्यावरचा उपाय अधिकार काढून घेण्याचा नाही. संवाद सहायकांनी दाखवलेला उपाय असा: नियम आणि रकमा सगळ्यांना कळू द्या, काम चालू असताना बोलणारी, गावातलीच आणि पगारी माणसे नेमा. ते स्वस्त नाही. बाईचा वेळ फुकट धरून चालणारा सहभाग तर मुळीच नको. कंत्राटाच्या एकूण रकमेत मात्र तो खर्च फार मोठा नसतो.

सीएसआरच्या करारात एक कलम घालून पाहावे. पुढचा हप्ता ग्रामसभेच्या ठरावाशिवाय सुटणार नाही, आणि त्या ठरावात काम बदलण्याची किंवा थांबवण्याची मुभा असेल. कंपन्या कुरकुरतील, वेळापत्रक लांबेल, मार्चअखेरचा ताळा बसणार नाही, काही गावे चुकीचे ठरवतील. पण चुकलेले गाव पुढच्या हप्त्याला वाट बदलू शकते. ज्या गावाकडे दुसरा हप्ताच नाही त्याला बरोबर ठरवूनही उपयोग नाही, कारण त्याचे ठरवणे पहिल्याच दिवशी संपलेले असते.