आईचे तिकीट

चकलीच्या भाजणीचा वास घराघरांतून सुटला की माझी आई कळंबहून वाड्याला आपल्या थोरल्या बहिणीकडे निघते. वय 78. नालासोपाऱ्याच्या एस. टी. स्थानकापर्यंत मी तिला सोडतो. पुढे आधार कार्ड दाखवले की तिला तिकिटाचे पैसे पडत नाहीत. ऑगस्ट 2022 मध्ये राज्य सरकारने पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना एस. टी.चा प्रवास मोफत केला, तेव्हापासूनचा हा परिपाठ.

पूर्वी ती क्वचितच जाई. एकदा सहज मी विचारले, "तेव्हा का जात नव्हतीस? मी कधी नाही म्हटलं का?" पणत्या पुसता पुसता ती म्हणाली, "नाही म्हटलं नाहीस रे. पण मागावं लागत होतं."

खोटे कशाला सांगू, मला राग आला. मी शाळामास्तर, मुलांना श्रावणबाळाची गोष्ट डोळ्यांत पाणी आणून सांगणारा. आणि माझ्याच घरात म्हातारी आई भाड्याच्या पैशांसाठी माझ्या चेहऱ्याकडे पाहून बेत रहित करीत होती! जे मला साधले नाही, ते कोणा अनोळखी मंत्र्याच्या सहीने साधले.

म्हाताऱ्यांना सांभाळणे मुलांचे काम की सरकारचे? कोणी म्हणेल, सरकार पुढे झाले की मुले मागे सरतात. संसदेने 2007 साली कायदा करून मुलांवर आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी टाकली; महाराष्ट्राने 2010 मध्ये त्याचे नियम केले. न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा, वकिलाची गरज नाही, महिना 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो. ज्यांना मुलांनी घराबाहेर काढले, त्यांना हा आधार हवाच. पण जी आई भाड्याचे पैसे मुलाकडे मागायला लाजली, ती मुलाविरुद्ध अर्ज कसा लिहिणार?

राज्याच्या एका योजनेला श्रावणबाळाचेच नाव आहे. 65 वर्षांवरील निराधारांना तीत महिन्याला पैसे मिळतात. 2023 साली ती रक्कम 1,000 वरून 1,500 रुपये झाली. मात्र वर्षाचे उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असल्याचे दाखवावे लागते. गरजवंताला आधी ओळखले पाहिजे, हे मला पटते. तरीही वाटते, श्रावणाने कावड उचलण्यापूर्वी आईबापांकडे दाखला मागितला नव्हता.

एस. टी.च्या सवलतीत मला थोरपण दिसते ते येथे. तेथे कोणी विचारीत नाही, तुम्हाला मुलगा आहे का, तो पाहतो का, तुम्ही गरीब आहात का. वय झाले, एवढे पुरे. त्यामुळे आई दीनवाणी होत नाही आणि माझ्याविरुद्ध तिला अवाक्षर काढावे लागत नाही. मदतीची किंमत रुपयांत असते खरी, पण ती घेताना मान किती वाकवावी लागली, हेही त्या हिशेबात धरले पाहिजे. विधिमंडळात बसणाऱ्यांनी ते धरावे. घरात बसणाऱ्या आम्ही मुलांनी तर आधी धरावे.

आता पहिल्या तारखेला मी देव्हाऱ्याजवळच्या डब्यात थोडे पैसे ठेवतो आणि त्याविषयी बोलत नाही. परवा वाड्याहून परतताना आईने नातवंडांसाठी फुलबाज्या आणल्या. पैसे कुठले, हे मी विचारले नाही.