झेंड्यानंतरचे यशवंतराव

यशवंतराव चव्हाणांच्या बालपणाची गोष्ट महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या आजोळी जन्म. वडील कोर्टात बेलिफ. ते प्लेगने गेले तेव्हा यशवंत अगदी लहान. मागे विठाबाई आणि ओढगस्तीचा संसार. जयंतीच्या भाषणांत ही गरिबीच त्यांच्या कर्तृत्वाचं मूळ ठरते. पण तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात गरीब घरच्या हुशार पोरांना काही तोटा नव्हता. त्यातला हाच एक पुढे देशाचा संरक्षणमंत्री आणि उपपंतप्रधान कसा झाला, हे गरिबीने उलगडत नाही.

कराडला आल्यावर त्यांच्या कानावर दोन आवाज पडत होते. थोरले बंधू गणपतराव यांचा ओढा सत्यशोधक चळवळीकडे. बहुजन समाजातल्या अनेकांना तेव्हा काँग्रेस म्हणजे शहरी ब्राह्मण वकिलांचा कारभार वाटे, आणि त्यात तथ्य नव्हतं असं नाही. दुसरीकडे सप्टेंबर १९२९मध्ये लाहोरच्या तुरुंगात ६३ दिवसांच्या उपोषणानंतर जतीन दास गेले. त्या मृत्यूने हा शाळकरी मुलगा हादरला. भावाचा प्रश्न न सोडता तो काँग्रेसकडे वळला. माझ्या मते त्यांच्या पुढच्या सगळ्या राजकारणाचं बीज इथे आहे.

२६ जानेवारी १९३२ला टिळक हायस्कूलच्या आवारात तिरंगा फडकला आणि यशवंतरावांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. माफी मागितली तर पोरगा सुटेल, असं विठाबाईंना सुचवण्यात आलं. त्यांनी ते साफ धुडकावलं. पोराला म्हणाल्या, तब्येतीला जप. प्रसंग हृद्य आहेच, पण चरित्रकार त्यावर इतके रेंगाळतात की तुरुंगातलं शिक्षण बाजूलाच राहतं. येरवड्यात त्यांना आचार्य भागवतांसारखे शिक्षक भेटले. गांधीवाद, समाजवाद, मार्क्सवाद यांवर वाचन आणि वादविवाद झडत. मॅट्रिकही न झालेल्या मुलाला असं विद्यापीठ बाहेर कुठे मिळणार होतं?

बाहेर आल्यावर मॅट्रिक, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून १९३८ला बी. ए. आणि १९४१ला पुण्यातून एलएल. बी. मधल्या काळात ते मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे ओढले गेले. महायुद्धात इंग्रजांना साथ द्यायची की नाही, या मुद्द्यावर ती वाट सोडली.

खरी कसोटी लागली ती मात्र १९३७च्या प्रांतिक निवडणुकीत. साताऱ्यातून काँग्रेसची उमेदवारी शेतकरी समाजातल्या आत्माराम पाटलांना मिळावी, म्हणून यशवंतराव आणि त्यांचे तरुण मित्र हट्टाला पेटले. उमेदवारी मिळाली, पाटील निवडून आले. पुढे ज्याला बेरजेचं राजकारण म्हटलं गेलं, त्यातली ही पहिली बेरीज. कुठल्याही वाढदिवसाच्या फलकावर ती सापडणार नाही!

जून १९४२मध्ये फलटणच्या वेणूताईंशी लग्न झालं आणि दोन-अडीच महिन्यांत नवरा भूमिगत. पुढच्या जानेवारीत, लग्नानंतरच्या पहिल्याच संक्रांतीला, पोलिसांनी वेणूताईंना अटक केली. त्यांची प्रकृती ढासळली. आजारी पत्नीला भेटायला फलटणला गेलेले यशवंतराव तिथेच पकडले गेले. १९४६ला ते दक्षिण साताऱ्यातून मुंबई विधानसभेवर निवडून आले आणि मोरारजी देसाईंच्या हाताखाली संसदीय चिटणीस झाले. खातं होतं गृह, म्हणजे पोलिसांचंच.