रूळ घासताना

कोरेगाव मागे पडलं आणि रहिमतपूर अजून यायचं आहे, अशा मधल्या पट्ट्यात ब्लॉक, म्हणजे गाड्या थांबवून कामाला दिलेला वेळ, मिळतो आणि रूळ घासणारं यंत्र कामाला लागतं. अंधार पडलेला असेल तर ते आधी ऐकू येतं. मग उसाच्या फडांवर तांबूस उजेड हलू लागतो. पळणारा माणूस बरोबरीनं धावू शकेल, एवढ्याच वेगानं ते पुढे सरकतं. त्याच्या पोटाखाली दगड फिरत असतात. एखाद्या यंत्रात 72, एखाद्यात 96. दोन्ही रुळांवर ठिणग्यांची अखंड धार लागलेली असते. पाण्याचा फवारा तयार ठेवलेला असतो आणि मागून नजर खाली लावून चालणारी माणसं येतात. वाळक्या गवतात एखादी ठिणगी जिवंत राहिली आहे का, ते ती पाहत असतात.

एवढ्या धामधुमीत रुळावरून निघतं किती? एका फेरीत मिलिमीटरचा एक-दोन दशांश.

आवाजावरून वाटतं, काहीतरी मोठं घडतं आहे. मोठंच घडत असतं. फक्त ते मोजायला बारीक माप लागतं.

०

रूळ वरून सपाट दिसतो, पण सपाट नसतो. त्याच्या माथ्याला हलकी गोलाई असते आणि अख्खा रूळ आतल्या बाजूला वीसास एक या प्रमाणात कललेला असतो. चाकही तसंच उतरतं कापलेलं असतं. चाक आणि रूळ एकमेकांना टेकतात ती जागा जेमतेम नखाएवढी. भरलेल्या मालगाडीच्या एका चाकाचं 10-11 टन वजन त्या नखाएवढ्या जागेवरून पुढे जातं. त्यामागून दुसरं, तिसरं. एक मालगाडी गेली की एका रुळावरून दोनशेच्या वर चाकं गेलेली असतात. कोयना जाते, महालक्ष्मी जाते, महाराष्ट्र एक्सप्रेस जाते. प्रवासी उतरून घरी जातात. रूळ तिथेच असतो, पुढच्या गाडीसाठी.

म्हणून रेल्वे रुळाचं आयुष्य नुसत्या वर्षांत मोजत नाही. त्यानं वाहिलेल्या वजनात मोजते. 60 किलोचा रूळ, म्हणजे मीटरमागे 60 किलो वजनाचा, 80 कोटी टन वाहील, असा नियमपुस्तकातला हिशेब कित्येक वर्षं होता. माणसाचं वय या मापानं मोजलं, तर घराघरांत जी माणसं अजून तरुण म्हणून कामाला जुंपलेली आहेत, त्यांतली कितीतरी थकलेली निघतील.

०

रूळ बहुधा एका मोठ्या वजनानं मोडत नाही. तेच वजन त्याच जागी पुन्हा पुन्हा येतं, त्यानं मोडतो.

आदर्कीच्या घाटवळणांसारख्या ठिकाणी बाहेरच्या रुळाची आतली कड सगळ्यात जास्त सोसते. अशा कडेवर केसासारख्या भेगा उठतात; तिरप्या, एकीला लागून एक. सुरुवातीला त्या वरच्या कातडीतच असतात. मग पावसाचं पाणी आत शिरतं, वरून चाक येतं आणि आत कोंडलेलं पाणी भेगेला पुढे रेटतं. एखादी भेग खाली वळते. वरून मात्र रूळ लखलखत असतो.

चकाकी ही प्रकृतीची खूण नव्हे. ती वापराची खूण आहे.

वापरात नसलेला रूळ गंजतो, वापरातला थकतो. गंज दिसतो, म्हणून त्याची हळहळ वाटते. थकवा चकाकीखाली असतो, म्हणून त्याची चौकशी होत नाही.

०

घासणीचं सगळं शास्त्र वेळेत आहे. भेग कातडीत आहे तोवर ती कातडीच काढून टाकायची. उशीर झाला तर भेग दगडाच्या आवाक्याबाहेर जाते. मग रूळ बदलणं एवढंच हाती उरतं. घाई केली, गरजेपेक्षा जास्त घासलं, तर चांगलं पोलाद उगाच जातं. या दोहोंमध्ये एक नेमका वेग आहे: भेग जेवढी वाढू पाहते, तेवढंच पोलाद काढत जायचं. रुळांच्या अभ्यासकांनी झिजेच्या या वेगाला जादूचा वेग म्हटलं आहे. जादू कसली, तर थोडं दिल्यानं पुष्कळ वाचतं याची.

जतन म्हणजे काहीच न गमावणं नव्हे. जतन म्हणजे थोडं, वेळेवर आणि आपल्या हातानं गमावणं.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या म्हणीतले घाव एकदाच बसतात. मूर्ती झाली की टाकी थांबते. घरातल्या जात्याचं तसं नव्हतं. ते घडून घरात यायचं, दळून दळून गुळगुळीत व्हायचं आणि त्याला पुन्हा टाकी लावून घ्यावी लागायची. रूळ मूर्तीच्या जातीचा नाही, जात्याच्या जातीचा आहे. जे कामाला येतं, त्याला घडवण्याचे घाव एकदा आणि राखण्याचे घाव जन्मभर.

अगदी कोऱ्या रुळाचीही यातून सुटका नाही. कारखान्यात पोलाद तापतं तेव्हा त्याच्या पृष्ठभागावरचा कार्बन कमी होतो आणि वर एक मऊसा पातळ थर राहतो. तो काढून टाकण्यासाठी नवा रूळही घासतात.

कोरं म्हणजे निर्दोष नव्हे.

०

यंत्रातले सगळे दगड एका कोनात नसतात. कुणी कडेला भिडतो, कुणी माथ्याला. कडेचं पोलाद किंचित जास्त काढलं की चाक माथ्याच्या मध्याकडे सरकून टेकतं. गाड्या तेवढ्याच राहतात, वजन तेवढंच राहतं. पण थकलेल्या कडेला उसंत मिळते.

ओझं कमी करणं हाती नसेल, तेव्हा ओझ्याची जागा बदलावी. ज्या घरात सगळं एकाच बाईच्या किंवा एकाच कमावत्या मुलाच्या अंगावर आलेलं असतं, तिथे नुसतं ‘विश्रांती घे’ म्हणून भागत नाही. गाड्या थांबत नाहीत. पण टेकण्याची जागा थोडी सरकवता येते, आणि पुष्कळदा तेवढ्यानं माणूस वाचतं.

यंत्र जाऊन गेल्यावर सकाळच्या उन्हात फाटकातून पाहावं. रुळाच्या माथ्यावर लांबच लांब अरुंद पट्ट्या दिसतात. प्रत्येक दगडानं आपली एक सपाट पट्टी काढलेली असते. त्या शेजारी शेजारी आल्या की गोलाई होते. कोणत्याही एका दगडाला गोलाई ठाऊक नसते. सगळ्यांनी आपापला कोन सांभाळला, म्हणून ती येते.

पुढे काही दिवस गाडी त्यावरून जाताना निराळा सूर निघतो. मग चाकंच त्या पट्ट्या दाबून पुसून टाकतात. देखभाल चांगली झाली की तिची खूण उरत नाही. जे राहतं ते फक्त सुरळीत चालणं, आणि सुरळीत चालण्याची कुणी बातमी करत नाही.

०

रुळाची आतली तपासणी ध्वनीनं होते. छोटी ढकलगाडी रुळावर ठेवून माणसं पायी चालतात. कानाला ऐकू न येणारी लहर रुळात सोडायची आणि परतून येणारा पडसाद वाचायचा. वर भेगांची दाटी असेल तर लहर तिथेच अडखळते आणि खालची मोठी भेग त्यांच्या आडोशाला लपते. घासलेला रूळ खरं बोलतो.

वरची लहान दुखणी वेळेवर काढली नाहीत, तर आतलं मोठं दुखणं ऐकूही येत नाही.

17 ऑक्टोबर 2000 रोजी इंग्लंडमध्ये हॅटफिल्डजवळ वळणावर भरधाव गाडीखाली रूळ फुटला. त्याचे 300 हून अधिक तुकडे झाले. 4 माणसं गेली. कारण हेच: आतल्या कडेवरच्या बारीक भेगा. रूळ बदलायला हवा, हे आधीच माहीत होतं. बदलीच्या रुळांची सोयही झाली होती. ते जागेवर बसले मात्र नव्हते. त्यानंतर त्या देशात शेकडो ठिकाणी गाड्यांचा वेग उतरवावा लागला आणि कित्येक महिने वेळापत्रक कोलमडून गेलं. जो वेळ देखभालीला दिला नव्हता, तो अपघातानं कितीतरी पटीनं वसूल केला.

माहीत असणं म्हणजे काळजी घेणं नव्हे. या दोन गोष्टींच्या मधल्या फटीत माणसं मरतात.

०

मोठं यंत्र सगळीकडे पोचत नाही. सांधे आले, फाटक आलं, की दगड वर उचलावे लागतात. तिथून पुढे काम माणसाच्या हाताचं.

रूळ राखणाऱ्या कामगारांची गँग वेल्डिंग करते तेव्हा हे जवळून दिसतं. दोन रुळांच्या टोकांमधल्या फटीत पोलादाचा पांढराफटक रस उतरतो. तो गोठू लागला की वर आलेला उंचवटा छाटतात आणि मग हातातल्या ग्राइंडरनं माथा एकसारखा करतात. जरा घासायचं, थांबायचं, मीटरभर लांबीची सरळ पट्टी रुळावर उभी धरायची आणि डोळा खाली नेऊन पट्टीखालून उजेड येतो का ते बघायचं. उजेड दिसला तर तिथे पातळ पात्याचं माप सरकवायचं. पुन्हा घासायचं. खडीवर गुडघा टेकलेला असतो, पाठीवर ऊन असतं, आणि नजर त्या पट्टीखालच्या रेघेवर. किंचित उंचवटा राहिला तरी प्रत्येक चाक तिथे आदळणार, खालची खडी भुगा होत जाणार, स्लीपर खचणार. डब्यात बसलेल्याला तो ठोका जाणवायचाही नाही.

प्रामाणिक काम बहुधा असंच असतं: ज्याच्यासाठी करायचं, त्याला फरक कळत नाही, आणि तरी करायचं.

रुळांची पाहणी करणारा कीमन रोज आपला पट्टा पायी पालथा घालतो. थंडीत रूळ आकसतो, वेल्डिंग तडकण्याची भीती असते, म्हणून रात्री गस्त. उन्हाळ्यात रूळ फुगून वाकडा होण्याची भीती, म्हणून दुपारी गस्त. पावसाळ्यात खालची काळी माती पाणी पिऊन हलते, म्हणून भिजत गस्त. ऋतू बदलतात तशी भीतीची कारणं बदलतात. चालणं तेच राहतं.

०

पुण्याहून कृष्णेच्या खोऱ्यातून मिरजेला उतरणारा हा मार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. तेव्हा तो मीटर गेज होता; 1970 च्या सुमारास ब्रॉड गेज झाला. पहिले रूळ गेले, पुढचेही गेले. लाकडी स्लीपर गेले, लोखंडी गेले, काँक्रीटचे आले. खडी कितीदा चाळली आणि बदलली. इंजिनं कोळशाची होती, डिझेलची झाली, विजेची आली. मूळचं साहित्य जवळजवळ उरलेलं नाही, तरी आपण त्याला तोच मार्ग म्हणतो आणि ते बरोबरच आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ त्यात जे सलग राहिलं, ते लोखंड नव्हे. एका पिढीनं दुसऱ्या पिढीच्या हाती दिलेली काळजी सलग राहिली.

वस्तू टिकत नाहीत. त्यांची काळजी टिकते, आणि तिला आपण वस्तूचं नाव देतो.

०

एप्रिल 2016 मध्ये लातूर तहानलेलं होतं, तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. पहिल्या फेरीला 10 वाघिणी आणि त्यांत 5 लाख लिटर पाणी. पुढच्या फेऱ्यांत 50 वाघिणी आणि 25 लाख लिटर. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत कृष्णाकाठचं पाणी सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर गेलं. रुळाच्या हिशेबात ते फक्त वजन होतं, साखरेसारखं, सिमेंटसारखं. लातूरच्या हिशेबात तो जीव होता.

त्या दिवसासाठी म्हणून कुणी रूळ राखला नव्हता. ज्यांनी त्याआधीची वर्षं खडी भरली, सांधे तपासले, पट्टीखालून उजेड पाहिला, त्यांना आपलं काम असं उपयोगी पडेल हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. जतन करणाऱ्याला आपला दिवस आधी कळत नाही, म्हणून प्रत्येक दिवस तोच असल्यासारखा धरावा लागतो. संकटाच्या दिवशी जे धावून आलं असं आपल्याला वाटतं, ते खरं तर साध्या दिवसांत तयार होऊन थांबलेलं असतं.

मोडल्यानंतरच्या दुरुस्तीला सगळं मिळतं: पैसा, माणसं, सहानुभूती, भेटी. मोडण्याआधीच्या देखभालीला आधी फक्त वेळ हवा असतो, दोन गाड्यांच्या मधला. आणि तोच देताना आपण कुरकुरतो. रुळांबद्दल हे जेवढं खरं, तेवढंच पुलांबद्दल, धरणांच्या दरवाजांबद्दल, शाळांच्या छपरांबद्दल, आपल्या शरीराबद्दल आणि आपल्या माणसांबद्दल खरं आहे. पुढच्या वेळी ताकारीला किंवा भिलवडीला गाडी थांबली आणि ब्लॉक आहे असं कळलं, तर ती वीस मिनिटं वाया गेली असं म्हणू नये. ती रुळाच्या आयुष्यात जमा होत असतात आणि रुळाच्या आयुष्यातून आपल्या. वेळापत्रक उभं राहतं ते त्याच मिनिटांवर.